बॉनेट उघडण्याआधी

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते उस्ताद कानडी. गिऱ्हाईक गाडी ढकलत आणून "मिस्त्री, बंद पडते" म्हणालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "यावाग?" म्हणजे, कधी? सकाळी का दुपारी, चढाला का उताराला, पाऊस पडून गेल्यावर का कोरड्यात? गिऱ्हाईक वैतागायचं. खरं त्या "यावाग"ला नीट उत्तर मिळालं की अर्धं काम बॉनेट न उघडताच झालेलं असायचं.

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत "गाडीत फॉल्ट आहे, उपाय सांगा" एवढंच लिहिलंय. त्यांना मी काय सांगणार, कपाळ? ज्यांनी 'कधी' लिहिलंय त्यांची पत्रं पुढे घेतलीत. बाकीच्यांनी परत लिहावं.

प्रश्न : मिस्त्री काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. माझी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. रोज शाळेला नेली तर काही तक्रार नाही. शनिवारी दुपारी लावली आणि सोमवारी सकाळी चावी फिरवली की सेल्फ एकदा कण्हतो आणि गप्प. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. आता गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर बदलू. बदलू का?

उत्तर : सर, आत्ता बदलू नका. रोज चालवली तर तक्रार नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतोय. भरलेली बॅटरी शनिवार-रविवारात कोण पितंय ते शोधायचंय. हंडा गळतोय आणि आपण नळाची तोटी बदलायला निघालोय.

तरी खात्री करून घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर असेलच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली, ११.८ म्हणजे तळ गाठलेला. मग इंजिन चालू करून परत बघा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये काटा असला तर चार्जिंग ठीक. हेडलाइट लावूनही १३ च्या वर टिकायला पाहिजे. तुमच्या गाडीत टिकेल असं मला वाटतं.

आता पिणारा शोधू. मल्टिमीटरने करंट मोजता येतो, खरं नवख्या माणसाकडून चुकून चावी फिरवली जाते आणि मीटरचा फ्युज उडतो. मी टेस्ट लॅम्प वापरतो. १२ व्होल्टचा, ५ वॉटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, टोकाला दोन चिमटे. एवढंच. गेली पस्तीस वर्षं माझ्या खाकी शर्टाच्या खिशात तो असतो. बायको कपडे धुताना आधी तोच काढून ठेवते.

चावी काढा. दारं बंद करा, नाहीतर छताचा दिवा लागेल आणि तुम्ही त्यालाच चोर समजाल. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवा. आता टेस्ट लॅम्पचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा सोडवलेल्या केबलला. गाडीत जो काही करंट झिरपतोय तो आता या बल्बातून जाणार. घड्याळाचा किंवा स्टिरिओच्या मेमरीचा करंट अगदी किरकोळ, तेवढ्याने बल्ब पेटत नाही. बल्ब लाल दिसला किंवा चांगला पेटला, तर घरात पाहुणा आहे.

बल्ब पेटलेला राहू द्या आणि फ्युज एकेक करून उपटा. ज्या फ्युजला बल्ब विझेल त्या लाइनीत तुमचा पाहुणा. फ्युज परत जागच्या जागी लावत जा, नाहीतर शेवटी हातात मूठभर फ्युज आणि कुठला कुठे ते आठवत नाही. माझंही झालंय.

माझा पहिला संशय स्टिरिओवर. त्याला प्लसच्या दोन वायरी असतात. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल मात्र चावीवरून यायला पाहिजे. बसवणारा घाईत असला की दोन्ही एकत्र पिळतो आणि पिवळीच्या जागी देतो. मग स्टिरिओ बंद दिसला तरी झोपेत जागा असतो. अर्धा अँपिअर धरला तरी चोवीस तासांत बारा अँपिअर-अवर गेले. तुमची बॅटरी पस्तीसची. सोमवारी सकाळपर्यंत दीड दिवसाच्या वर झाला, निम्म्याहून जास्त खाल्लं, सेल्फ कण्हणारच. शिवाय बॅटरी अशी वरचेवर तळाला गेली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिची ताकद कायमची जाते. तुमची पहिली बॅटरी अशीच गेली असणार, आणि दुसरीही त्याच वाटेने निघाली.

सगळे फ्युज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला तर? अशी एक ८०० कडोलीहून आली होती. पहिल्या दिवशी मी तिच्या डॅशबोर्डखालची निम्मी वायरिंग सोडली. मालक स्टुलावर बसून बघत होता, मला घाम फुटलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कशासाठी ते आठवत नाही, बॉनेट उघडून अल्टरनेटरवर हात ठेवला. गाडी रात्रभर हललेली नाही, श्रावणातली गार सकाळ, इंजिन बर्फासारखं. आणि अल्टरनेटर कोमट! नुकत्या उतरवलेल्या दुधाच्या पातेल्याला बाहेरून असतो तेवढा कोमट. आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा दरवान, फुटलेला. त्याची जाड वायर थेट बॅटरीला, तिला फ्युजबॉक्स माहीतच नाही. दिवसा तो बॅटरी भरायचा आणि रात्री गुपचूप स्वतःच प्यायचा.

म्हणून सर, फ्युज काढायच्या आधी सोमवारी सकाळी अल्टरनेटरला फक्त हात लावून बघा. गार असला आणि सगळे फ्युज काढूनही बल्ब पेटतोय, तर मायनस पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टेप गुंडाळा, परत बल्ब लावा. विझला तर डायोड. तेव्हाही आख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नाही. डायोड प्लेट वेगळी मिळते, आपल्याकडे ती बदलून देणारे कारागीर आहेत. खरं तुमच्या बाबतीत मी अजून स्टिरिओवरच पैज लावीन. कळवा.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. तंबाखूचा व्यापार आहे. वडिलांच्या वेळची अँबेसेडर, १९९४ ची, हौसेने ठेवलीय. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा मागचा दिवा मंद होतो आणि पुढचा डावा इंडिकेटर मिणमिणतो. हॉर्न, वायपर ठीक. गॅरेजमध्ये सांगितलं उंदरांनी वायरिंग खाल्ली, पूर्ण किट टाकावं लागेल. आम्ही तर बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतो, उंदीर फिरकत नाहीत!

उत्तर : शेठ, किट राहू द्या. उंदराने खाल्लेली वायर सहसा इतकी शिस्तीत वागत नाही. ती तुटते, फ्युज उडवते, धूर काढते. एक दाबलं की भलतंच पेटतं, ही खूण अर्थिंगची.

करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो आणि बॉडीच्या पत्र्यातून मायनसला घरी येतो. मागच्या डाव्या दिव्याच्या होल्डरचा पत्रा गंजला, स्क्रू सैल झाला, की घरी यायची वाट बंद. ब्रेकच्या बल्बमध्ये गेलेला करंट मग शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरने पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून घर गाठतो. जाता जाता त्याला थोडा पेटवतो. हायवे बंद असला की लोक वस्तीतून गाड्या घालतात, त्यातला प्रकार.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, त्यासाठी एक लांब वायर जोडून घ्या. लाल पिन मागच्या होल्डरच्या धातूला. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. जवळजवळ शून्य दाखवायला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब, आणि तुमच्याकडे दोन-तीन व्होल्ट आले तरी मला नवल नाही. मीटर नसेल तर होल्डरच्या धातूपासून चकचकीत घासलेल्या पत्र्यापर्यंत एक वायरचा तुकडा धरा. मिणमिण थांबली की संपलं.

काम अर्ध्या तासाचं. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा रुपेरी होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून घट्ट करा, वरून ग्रीसचं बोट फिरवा. मी तर जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर ओढून बॉडीवर पक्क्या जागी देतो. गंज परत येतोच, मग त्याच्यावर विसंबायचं कशाला?

आता तंबाखूच्या पानांबद्दल. तुमच्या भागात बऱ्याच गाड्यांत बघितलीत. उंदीर वासाला कंटाळतो, हे अनुभवाने खरं. पण सुकलेलं पान एक्झॉस्टच्या नळ्यांशेजारी ठेवू नका. ती नळी किती तापते हे तुम्ही बोट लावून बघितलेलं दिसत नाही. जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून बॅटरीच्या बाजूला अडकवा आणि लांबच्या प्रवासाला निघताना काढा. घाटात बॉनेटखाली विडी पेटायला नको.

प्रश्न : शहापूर, बेळगाव. माझी प्रीमियर पद्मिनी १९८७ ची. वर्षातून दोनदा गोव्याला कुलदेवीला जातो, चोर्ल्याने. जाताना ठीक. येताना केरीपासून घाट चढून वर आलो की गाडी मिसिंग मारते आणि चोर्ला ते कणकुंबीच्या मध्ये कुठेतरी बंद. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, अर्ध्या तासाने चालू. गेल्या वेळी फडकं टाकूनही पाऊण तास लागला.

उत्तर : पद्मिनी आणि ओलं फडकं ही जोडी माझ्या जन्माची ओळखीची. खरं त्या फडक्याने बरी झाली असं कुणी म्हणालं की मी विचारतो, फडकं न टाकता अर्धा तास बसून बघितलात काय? गरम होऊन बंद पडलेली गाडी थंड झाली की चालू होणारच. फडकं, अंगारा, चहा, तिघांचाही गुण सारखाच येतो.

गरम झाल्यावर दोन गोष्टी दगा देतात. एक, पेट्रोल. इंजिनला चिकटलेल्या पंपात आणि नळीत ते उकळून वाफ होतं, पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा. दुसरी, करंट. इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीचा करंट बनवणाऱ्या डब्याच्या, आतली तार गरम झाली की तुटल्यासारखी वागते, किंवा कंडेन्सर जातो. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी. कणकुंबीला पोचून थंड झाल्यावर तपासलंत तर काही सापडणार नाही. जिथे बंद पडली तिथेच, पहिल्या दोन मिनिटांत बघायला पाहिजे.

एअर फिल्टरचं झाकण काढा. इंजिन बंदच. कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने अॅक्सिलरेटरची दांडी ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर पेट्रोल आहे, पंपाला शिव्या देऊ नका. नुसती हवा, पिचकारी नाही, तर पेट्रोलच पोचत नाही. हे झाल्यावर फिल्टरचं झाकण परत घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा, वास जाऊ द्या, आणि मगच करंट बघा. घाईत दोन्ही एकदम करायला गेलेल्या माणसाच्या भुवया जळालेल्या मी बघितल्यात. कोणाच्या ते विचारू नका.

करंटसाठी एक जादा प्लग डिकीत ठेवा. एका प्लगची वायर काढून त्यात अडकवा, प्लगचा धातू इंजिनला टेकवून ठेवा, हात लावू नका, सेल्फ मारायला सांगा. निळी, टक्क वाजणारी ठिणगी पाहिजे. पिवळट, लुळी, किंवा काहीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा) या तिघांतला एक. आता तुमचं फडकं कामाला आणा. पंपाला नको, फक्त कॉइलच्या अंगावर गुंडाळा, वरच्या वायरींवर पाणी न जाऊ देता. पाच मिनिटांत चालू झाली तर गुन्हेगार कॉइल. औषध एकाच रोग्याला दिलं तरच कळतं कोण आजारी होतं.

पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. घाटाला जायच्या आधी तो तपासा. पॉइंटची टोकं जळून पांढरी-काळी झाली असतील तर कंडेन्सरही बदला, त्याची किंमत तुमच्या कणकुंबीच्या चहा-भज्यापेक्षा फार नाही. आणि अगदी फुकटचं काम : बंद पडल्या पडल्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही, पंप ओढून ओढून दमतो.

तुमच्या पत्रात पाऊण तास लागला असं आहे. वेळ वाढत चाललाय. वाफेचा दोष उन्हाप्रमाणे कमी-जास्त होतो, महिन्यागणिक वाढत नाही. माझा कल कॉइलकडे.

प्रश्न : उजवा इंडिकेटर नीट, डावा लावला की भराभर उडतो. इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर बदलला. (हुक्केरी)

उत्तर : डावीकडचा एक बल्ब गेलाय, किंवा २१ वॉटच्या जागी कुणीतरी ५ चा लावलाय. गाडीला एक फेरी मारून बघितलंत असतं तर फ्लॅशरचे पैसे वाचले असते.

प्रश्न : काका, मी संकेश्वरला नर्स आहे, रात्रपाळी असते. ओम्नी २००५. रात्री दोनला बाहेर पडले की कधी कधी सेल्फ फक्त 'टक' करतो. तीन-चार वेळा चावी फिरवली की लागतो. बॅटरी नवीन आहे. एकटीने थांबायची भीती वाटते.

उत्तर : ताई, उद्याच दिवसाउजेडी बघून घ्या. हेडलाइट लावा आणि भिंतीकडे बघत सेल्फ मारा. 'टक' झालं आणि उजेड एकदम मंद पडला, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. नवीन बॅटरीवर जुनी, आतून हिरवी पडलेली टर्मिनलं तशीच आवळलेली असतात, हे मी रोज बघतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, घासा, घट्ट करा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

उजेड जराही हलला नाही, तर करंट सेल्फपर्यंत जाऊन आत अडतोय. आतले कार्बन झिजलेत नाहीतर सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फवरच्या स्विचचा, कॉन्टॅक्ट जळलाय. अशा वेळी कोणीतरी सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हळू ठोकतं आणि गाडी लागते. हा उपाय घरी पोचण्यापुरता. कार्बन स्वस्त, काम दोन तासांचं. तुमच्या पाळीची वेळ बघता हे पुढच्या पगारावर ढकलू नका.

प्रश्न : झेन, २००१. काकती सोडून हायवेला लागलो की ५० च्या वर 'हूं...' असा आवाज. चारही टायर नवे टाकले, अलाइनमेंट केलं. आवाज तसाच. मित्र म्हणतो गिअरबॉक्स.

उत्तर : टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. तुमचा सगळीकडे एकच सूर असेल तर व्हील बेअरिंग. मोकळ्या सर्व्हिस रोडवर, हायवेवर नव्हे, लांबट वळण घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. गिअरबॉक्सला वळणाशी देणंघेणं नाही.

मग चाक जॅकवर उचला, खाली स्टँड देऊन. एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं नुसती सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काही लागत नाही. गेलेलं असेल तर जात्यात वाळू टाकून दळतोय अशी करकर थेट बोटांत येते. कान फसतात हो, बोटं फसत नाहीत. आवाज आल्यावर पाचशे किलोमीटर रेटलेली बेअरिंगं मी काढलीत, निळी पडलेली. गोव्याला जाऊन मग बदलू, असं करू नका.

प्रश्न : उचगाव. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला पोचेपर्यंत ब्रेकचं पेडल मऊ होतं, जवळजवळ खाली टेकतं. गाडी थंड झाली की नीट. ब्रेक ऑइल भरलेलं आहे, गळती नाही. इंडिका, २००३.

उत्तर : ऑइल भरलेलं आहे, ते किती वर्षांचं? डब्याचं झाकण उघडून रंग बघा. नवं पिवळसर असतं, तुमचं कोऱ्या चहासारखं असणार. ब्रेक ऑइल हवेतली वाफ पितं, आणि आमच्या या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. डॉट-३ जातीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलं की १४० च्या आसपास. घाटात ब्रेक दाबत उतरलात की तेवढी उष्णता सहज होते, ऑइलमध्ये बुडबुडे येतात, आणि बुडबुडा दाबला जातो. पेडल खाली जातं आणि गाडी जात राहते. थंड झालं की बुडबुडे गेले, आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नव्हतं.

सगळं ऑइल काढून नवं भरा, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. दर दोन वर्षांनी बदला. ते झाल्यावर गाडी उभी असताना पेडल दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत, ते काम वेगळं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणाऱ्यांची पत्रं मी वाचत नाही.

प्रश्न : टिळकवाडी. माझे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची मारुती ८००, १९९६ ची, तेव्हापासून शेडमध्ये उभी आहे. विकायला मन होत नाही. भाऊ म्हणतो नवीन बॅटरी लावून सेल्फ मारू, बघू लागते का. मला भीती वाटते. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची एक वही आहे, प्रत्येक ऑइल चेंजची तारीख आणि किलोमीटर लिहिलेली.

उत्तर : ताई, भावाला दोन दिवस धीर धरायला सांगा. चार वर्षं झोपलेल्या माणसाला कुणी हलवून एकदम पळायला लावत नाही.

आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. ते एव्हाना वार्निश झालंय, वासावरून कळेल. आंबूस, रंगासारखा वास येतो. नवीन पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्या जिल्ह्यातल्याच उसाचं असेल कदाचित, खरं १९९६ च्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. वाळून चिरलेल्या असणारच. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या टाका, हे टाळू नका, इथे आगीचा प्रश्न आहे. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराचं घर निघालं तर घाबरू नका. मला एकदा आत चिंध्या, भाताची तुसं आणि एक दागिन्याची रिकामी डबी मिळाली होती.

मग तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. अडलं तर जोर करू नका, मेकॅनिकला बोलवा. ऑइल आणि फिल्टर नवं घाला. त्यानंतर बॅटरी लावा, कॉइलची वायर काढून ठेवा, आणि प्लगशिवायच सेल्फ मारा, पाच-पाच सेकंद, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तो विझला म्हणजे आत सगळीकडे ऑइल पोचलं. मग प्लग लावा.

हँडब्रेक ओढलेला असेल तर मागची चाकं चिकटली असतील. ओढून तोडू नका, ड्रम काढून साफ करा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला वाटतं ते वाचून तुम्ही स्वतःच टायर बदलायचं ठरवाल.

भाऊ एवढं सगळं करून गाडी चालू करायला उतावीळ होईल. त्याच्या हातातली चावी घ्या आणि बाबांची वही उघडा. ८०० ला टायमिंग बेल्ट असतो, इंजिनचे व्हॉल्व्ह वेळच्या वेळी हलवणारा, रबराचा. किलोमीटर झाले नसले तरी तो वयाने मरतो, आणि चालू इंजिनात तुटला की गाडी जागच्या जागी बसते. बाबा ऑइलची तारीख लिहीत होते म्हणजे बेल्टचीही लिहिली असेल. ती नोंद शोधा. दहा वर्षांपूर्वीची निघाली, किंवा सापडलीच नाही, तर बेल्ट बदलूनच गाडी चालू करा, आणि नवी तारीख त्याच वहीत तुमच्या अक्षरात लिहा.